सुगीची बिअर

बिअरला कडवटपणा आणि वास देणारं हॉपचं फूल हातात घेतलं की आधी वाटतं, यात काहीच नाही. कागदासारख्या पातळ, पोपटी पाकळ्या एकावर एक चढलेल्या, अंगठ्याच्या पेराहून जरा मोठा शंकू, आणि वजन म्हणावं तर कापसाच्या बोंडाइतकंही नाही. म्युनिकच्या उत्तरेला हालर्टाऊ नावाचा मुलूख आहे. हॉपची इतकी सलग लागवड जगात दुसरीकडे कुठे नाही. तिथल्या एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी उभी होते. घरच्या आजींनी एक शंकू माझ्या तळहातावर ठेवला आणि खुणेनेच सांगितलं, फोडून बघ. नखाने मधोमध चिरला तर पाकळ्यांच्या बुडाशी हळदीसारखी पिवळी भुकटी दिसली. दोन्ही तळव्यांत चोळली तशी ती चिकट झाली आणि वास सुटला. लिंबाची साल, नुकतं कापलेलं गवत, थोडी मिरी, आणि त्यामागे काहीतरी राळेसारखं. तीनदा हात धुतले तरी रात्री झोपताना तो वास बोटांना होताच.

हे पुस्तक तिथून सुरू झालं. तोवर म्युनिकमध्ये राहून मला चार वर्षं झाली होती, ऑक्टोबरफेस्टला दरवर्षी जाऊनही झालं होतं, पण बिअर हे शेतातून येणारं पीक आहे हे मला त्या शेडमध्ये पहिल्यांदा उमगलं. बाहेर ट्रॅक्टरवरून वेलीच्या वेली येत होत्या. सात मीटर उंच तारांवर चढवलेल्या या वेली जूनमध्ये दिवसाला 30 सेंटिमीटरपर्यंतही वाढतात, आणि ऑगस्टच्या शेवटापासून तीनेक आठवड्यांत सगळ्या उतरवल्या जातात. यंत्रं येण्याआधी हे काम हातांनी चाले आणि तोडणीसाठी हजारो माणसं कुटुंबकबिल्यासह या भागात येऊन राहत. आपल्याकडे ऊसतोडीला माणसं निघतात, तसंच.

जर्मनमध्ये या ऋतूला हर्ब्स्ट म्हणतात. शब्दकोशात त्याला शरद असा प्रतिशब्द सापडतो, आणि तो चूक नाही. पण शरद म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कोजागरीचं चांदणं आणि ऑक्टोबरचं ऊन येतं. हर्ब्स्ट या शब्दाचा मूळ अर्थ मात्र कापणी, पिकाची काढणी असा आहे. त्याला मराठीत नेमका शब्द आहे, सुगी. हा शब्द मनात आला तेव्हा पुस्तकाचं नावही ठरलं. सुगी म्हटलं की कणगी भरणं आलं, नवं धान्य आलं, हात मोकळे होणं आणि जत्रा आली. जर्मनीतली शरदातली बिअर यातल्या प्रत्येक गोष्टीशी बांधलेली आहे.

या बिअरबद्दल मला जे सांगायचं आहे ते आधी सांगून टाकते, म्हणजे पुढची प्रकरणं वाचताना धागा हाताशी राहील. सुगीत येणाऱ्या बिअरचे दोन प्रकार आहेत आणि त्यांचा ताजेपणा एकमेकांच्या अगदी उलट आहे. एक मुळात वसंतात तयार होई, सहा महिने थंड अंधारात पडून राही आणि शरदात उघडे. दुसरी काल-परवा तोडलेल्या ओल्या हॉपची असते आणि महिन्या-दोन महिन्यांत तिचा जीव जातो. पहिली लोणच्यासारखी मुरते. दुसरी हुरड्यासारखी असते. शेतातून निघाली की लगेच खायची, उद्यावर टाकायची नाही. दोघींनाही लोक ‘ताजी’ म्हणतात आणि दोन्ही ठिकाणी तो शब्द खरा आहे. बिअर कधी तयार झाली आणि पेल्यात पडेपर्यंत तिला कसं सांभाळलं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपण बहुतेक वेळा पहिलाच विचारतो. बऱ्याचदा तोही विचारत नाही.

मुरणाऱ्या बिअरची गोष्ट आधी, कारण ती जुनी आहे. तिचं नाव मेर्त्सन, म्हणजे सरळ अर्थाने ‘मार्चची’. 1516 साली बव्हेरियाच्या दोन ड्यूक भावांनी इंगोलश्टाटला काढलेला शुद्धतेचा कायदा पुष्कळांना ठाऊक असतो. बिअरमध्ये पाणी, सातू आणि हॉप याखेरीज काही घालायचं नाही, असं तो सांगतो. माझ्या मते आपल्या विषयासाठी 1553 चा आदेश जास्त महत्त्वाचा आहे. ड्यूक आल्ब्रेख्त पाचवा याने फर्मावलं की 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर या काळात कुणीही बिअर आंबवायची नाही. पहिली तारीख संत जॉर्जची, दुसरी संत मिखाएलची. आपल्याकडे अक्षय्य तृतीया ते दसरा असं म्हणावं, तशा या तारखा लोकांच्या तोंडी होत्या.

आदेशामागे अनुभव होता. उन्हाळ्यात केलेली बिअर आंबट व्हायची, नासायची. जंतू म्हणजे काय हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं, पण उन्हाळी बिअर बिघडते हे प्रत्येकाला माहीत होतं. दुसरं कारण आगीचं. तांब्याच्या मोठ्या हंड्याखाली लाकडं धडधडून पेटवायची, आजूबाजूला लाकडी घरं आणि वर कोरडा उन्हाळा. एका ठिणगीत गल्ली जळून जायची भीती.

मग पाच महिने प्यायचं काय? मार्चमध्ये ब्रुअर मंडळी कामाला लागत. नेहमीपेक्षा जास्त माल्ट, म्हणजे मोड आणून भाजलेले सातू, जास्त हॉप, त्यामुळे बिअर थोडी कडक आणि थोडी कडू. हॉपमधली कडू द्रव्यं बिअर नासवणाऱ्या जंतूंना रोखतात, हा त्याचा दुसरा उपयोग. पिंपं भरून तळघरात ठेवायची. हिवाळ्यात तळ्यांवरचा बर्फ करवतीने कापून त्याच तळघरांत रचून ठेवलेला असे. थंडीत सावकाश काम करणारं यीस्ट तळाशी बसून राही आणि बिअर महिनोन्‌महिने निवळत जाई. ‘लागर’ या शब्दाचा अर्थच साठवण. आपण ज्याला लागर म्हणतो, ती या तळघरांची लेक आहे.

तळघर थंड राहावं म्हणून त्याच्यावर चेस्टनटची झाडं लावली. पानं रुंद, सावली गर्द, आणि मुळं उथळ, त्यामुळे खालच्या कमानींना धक्का नाही. झाडाखाली खडी अंथरली. उन्हाळ्यात माणसं सावलीला येऊन बसू लागली आणि ब्रुअर तिथेच थेट पिंपातून बिअर विकू लागले. शहरातल्या खानावळवाल्यांनी तक्रार केली. 1812 मध्ये राजा माक्सिमिलियान पहिला याने तोडगा काढला. ब्रुअरांनी आपल्या तळघराशी बिअर विकावी, सोबत ब्रेड विकावा, बाकी खाणं विकू नये. लोक मग घरून डबा आणू लागले. आजही म्युनिकच्या जुन्या बिअर गार्डनमध्ये घरचं खाणं आणून टेबलावर मांडता येतं. मी तिथे थालीपीठ आणि लसणाची चटणी नेलेली आहे. शेजारच्या बाकावरच्या जोडप्याने कुतूहलाने एक तुकडा मागून घेतला आणि आपला मुळा पुढे केला. पातळ, गोल चकत्यांत चिरलेला आणि मीठ लावलेला तो पांढरा मुळा तिथे बिअरसोबत खातात.

सप्टेंबर उजाडला की नवा हंगाम सुरू करायला पिंपं रिकामी हवीत. मार्चची उरलेली बिअर संपवायची वेळ आणि शेतातली कापणी आटोपायची वेळ एकच. मेर्त्सन शरदाची बिअर झाली ती अशी. तिला कुणी योजून शरदात आणलं नाही. तळघर रिकामं करायचं होतं आणि माणसांना सवड होती.

ऑक्टोबरफेस्ट या गोष्टीत उशिरा येतं. 12 ऑक्टोबर 1810 रोजी युवराज लुडविग आणि राजकन्या टेरेझा यांचं लग्न झालं. पाच दिवसांनी गावाबाहेरच्या कुरणावर घोड्यांची शर्यत झाली. ते कुरण अजून वधूच्या नावाने ओळखलं जातं, टेरेझियनवीझ. शर्यत दरवर्षी होऊ लागली, तिला शेतीचं प्रदर्शन जोडलं गेलं, आणि पुढे चांगल्या हवेसाठी उत्सव सप्टेंबरात सरकला.

आज ज्या तांबूस, माल्टच्या खरपूस चवीच्या बिअरला मेर्त्सन म्हणतात, ती त्याहूनही अलीकडची. तिच्यामागे दोन तरुण आहेत. म्युनिकच्या श्पाटन ब्रुअरीचा गाब्रिएल झेडलमायर आणि व्हिएन्नाजवळच्या श्वेखाटचा आंटोन ड्रेयर. 1833 मध्ये हे दोघे ब्रिटनमध्ये ब्रुअऱ्या बघत फिरले. सोबत आतून पोकळ केलेली एक काठी होती. कुणाचं लक्ष नसताना ती टाकीत बुडवायची, आत शिरलेला रस मुक्कामी नेऊन मोजायचा. आज याला औद्योगिक हेरगिरी म्हणतील. पण सातू धुराविना, गरम हवेवर एकसारखे कसे भाजायचे हे या दौऱ्यानंतर दोघांच्या हाताला लागलं, आणि 1841 मध्ये ड्रेयरची व्हिएन्ना लागर आणि झेडलमायरची मेर्त्सन बाजारात आली. पुढे 1872 ला गाब्रिएलचा भाऊ योझेफ याने आपल्या ब्रुअरीतली अशी तांबूस, कडक बिअर ऑक्टोबरफेस्टला आणली. त्या वर्षी उन्हाळा कडक होता, नेहमीची बिअर संपली होती आणि तंबूवाल्याला हीच विकावी लागली, असं सांगतात. लोकांना ती जास्त पैसे देऊनही आवडली.

त्याच दशकात कार्ल फॉन लिंडे याने म्युनिकमध्ये शीतयंत्र घडवलं. त्याची सुरुवातीची यंत्रं श्पाटनच्याच कामी आली. बर्फ कापायची गरज संपली, बारा महिने बिअर करता येऊ लागली, आणि ज्या सक्तीपोटी मेर्त्सन जन्मली होती ती सक्तीच उरली नाही. याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. कारण गेलं, तरी ऋतू राहिला. 1970 च्या दशकात पाउलानरने उत्सवासाठी अधिक फिकी, सोनेरी बिअर आणली, आणि आज टेरेझियनवीझवरच्या तंबूंत बहुतेक सोनेरीच मिळते. तांबूस मेर्त्सन बाटल्यांतून आणि परदेशांतून टिकून आहे. मला स्वतःला तांबूस अधिक प्रिय. भाजलेल्या पोळीच्या कडेची चव तिच्यात असते आणि ती जिभेवर रेंगाळत नाही, कोरडी उतरते.

उत्सवाबद्दल पुस्तकात एक पूर्ण प्रकरण आहे, म्हणून इथे एकच क्षण. सप्टेंबरात उत्सव सुरू होतो त्या शनिवारी दुपारी बारा वाजता शॉटनहामेल तंबूत महापौर लाकडी हातोड्याने पहिल्या पिंपाला तोटी ठोकतात. किती घावांत तोटी बसली हे शहरभर मोजलं जातं. मग आरोळी येते, ‘ओ त्साप्फ्ट इस’, म्हणजे ‘पिंप उघडलं’. 1950 पासून हे चालत आलं आहे. ती आरोळी येईपर्यंत त्या मैदानावर कुणालाही बिअर मिळत नाही. हजारो माणसं बाकांवर बसून वाट बघतात. लहान मुलं आरतीआधी मोदकाकडे बघतात, तशी.

मुंबईच्या वाचकांना यात एक नातं सापडेल. मुंबईचं जर्मनीतलं भगिनी शहर श्टुटगार्ट आहे, 1968 पासून. तिथेही सप्टेंबरच्या अखेरीस कान्श्टाटचा लोकोत्सव भरतो. त्याची सुरुवात 1818 ची, आणि ती दुष्काळातून झालेली. 1815 मध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याच्या राखेने पुढल्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही, पिकं बुडाली, माणसं उपाशी मेली. पुन्हा नीट पीक हाती आलं तेव्हा व्युर्टेम्बर्गच्या राजाने शेतकऱ्यांसाठी हा उत्सव सुरू केला. मैदानाच्या मध्यभागी फळा-धान्यांनी मढवलेला उंच खांब आजही उभारतात. त्याच्याखाली उभं राहिलं की सुगी हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आता हुरडा, म्हणजे ओल्या हॉपची बिअर. तोडलेल्या हॉपमध्ये वजनाच्या तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. तसाच ढीग करून ठेवला तर तो आतून तापतो आणि सडतो. म्हणून तोडल्यावर काही तासांतच भट्टीवर सुकवतात, पाणी 10 टक्क्यांच्या आसपास आणतात, दाबून गाठी बांधतात. जगातली जवळपास सगळी बिअर अशा सुक्या हॉपची असते आणि त्यात कमीपणा काही नाही. पण सुकवताना वासातली सगळ्यात हलकी तेलं उडून जातात. ती हवी असतील तर हॉप सुकवायचाच नाही. तोडणीपासून 24 तासांच्या आत थेट हंड्यात टाकायचा. पाण्याचं वजन धरून तो सुक्याच्या पाचेक पट लागतो. ज्या दिवशी तोडणी, त्या दिवशी हंडा तयार हवा. ट्रकला उशीर झाला तर सगळंच वाया.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातलं याकिमा खोरं म्हणजे तिथलं हालर्टाऊ. 1996 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेव्हाडा ब्रुअरीने याकिमाचा ओला हॉप रातोरात ट्रकने आणून हार्वेस्ट एल बनवली, आणि पुढे अनेकांनी ती वाट धरली. जर्मनीत या बिअरला ग्रूनहोपफन म्हणतात, हिरव्या हॉपची. ती मऊ असते, किंचित शेवग्याच्या कोवळ्या पानांची आठवण करून देणारी. कडवटपणा टोचत नाही. आणि ती टिकत नाही. ऑक्टोबरात घेतलेली बाटली मी एकदा हौसेने जानेवारीपर्यंत ठेवली. वाईट झाली नव्हती, पण हिरवेपणा निघून गेला होता. दुसऱ्या कुठल्याही बिअरसारखी लागत होती. ठेवण्यात चूक माझी होती.

बिअरचे वैरी तीन, हवा, उष्णता आणि उजेड. उजेडाचा घाव सगळ्यात लवकर बसतो. हॉपची कडू द्रव्यं प्रकाशात तुटतात आणि त्यातून गंधकयुक्त, उग्र दुर्गंध तयार होतो. पारदर्शक पेल्यात भर उन्हात तो काही मिनिटांतही जाणवतो. तपकिरी बाटली त्याला बरीच अडवते, हिरवी फारशी नाही. हवेतला प्राणवायू आणि उष्णता मिळून सावकाश मारतात. जुन्या बिअरला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतो तो त्यांच्यामुळे. ब्रुअर लोकांचा एक ठोकताळा आहे. बिअर 32 अंश सेल्सियसला 3 दिवसांत जितकी म्हातारी होते, तितकी 22 अंशांना 30 दिवसांत आणि 3 अंशांना 300 दिवसांत. प्रयोगशाळेचा नियम म्हणून नव्हे, पण हाताशी धरायला तो पुरेसा आहे.

हा ठोकताळा आपल्याकडे लावून बघा. जर्मनीहून निघालेला कंटेनर उष्ण समुद्रातून काही आठवडे प्रवास करून न्हावा शेवाला उतरतो, मग गोदाम, मग टेम्पो, मग दुकान. म्युनिकहून परत आल्यावर पुण्यातल्या एका दुकानात मला मेर्त्सनची बाटली दिसली तेव्हा खूप आनंद झाला. ती वरच्या फळीवर होती, ट्यूबलाइटच्या अगदी खाली, आणि दुपारी तिथे दारातून ऊन येत असणार, कारण लेबलाची एक बाजू फिकी पडली होती. घरी आणली, थंड केली, ओतली. रंग तोच. फेस बरा. पहिल्या घोटाला पुठ्ठा, आणि मागून शिळ्या मधासारखा गोडवा. बाटलीवरची मुदत संपायला अजून चार महिने होते. दुकानदाराने फसवलं नव्हतं. बिअर उन्हात म्हातारी होते हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आंब्याची पेटी उन्हात ठेवू नये हे त्याच माणसाला कुणी सांगावं लागत नाही. हे पुस्तक मराठीत लिहावं असं मला वाटलं त्यात या बाटलीचा वाटा मोठा आहे.

व्यापाराने ऋतूचं आणखी एक नुकसान केलं आहे. अमेरिकेत शरदाच्या बिअर आता भर उन्हाळ्यात, ऑगस्टच्या सुरुवातीलाही, दुकानांत लागतात. आधी मांडेल त्याचा माल आधी खपतो म्हणून. तिथे 1980 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बफलो बिल्स ब्रुअरीने भोपळ्याच्या बिअरची जुनी वसाहतकालीन कल्पना पुन्हा आणली. ती आता भोपळा शेतात हिरवा असतानाच विकायला येते. मला हे पटत नाही. दिवाळीचा फराळ श्रावणात करता येईल, पण मग दिवाळीला काय करायचं?

आपल्याकडे करता येण्याजोगं मात्र पुष्कळ आहे. पुण्यात 2009 मध्ये डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली. तिच्या नावातली देवळाली म्हणजे आपली नाशिकजवळचीच. तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजांच्या हंगामाची वाट बघत गोरे शिपाई महिनोन्‌महिने अडकून पडत आणि त्यांचं डोकं फिरे, म्हणून इंग्रजी बोलीत हा शब्द रुळला. डूलालीनंतर पुण्या-मुंबईत अशा मायक्रोब्रुअऱ्या वाढत गेल्या. टाकी आणि पेला यांच्यात काही पावलांचंच अंतर असल्यामुळे तिथली बिअर परदेशी बाटलीपेक्षा कितीतरी ताजी असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये केलेली मेर्त्सन थंड टाकीत ठेवून दसऱ्याला उघडणं त्यांना सहज जमेल. टाकी सहा महिने अडकवणं धंद्याला परवडत नाही, हे मी ऐकून आहे. तरी एखाद्या टाकीपुरतं तरी कुणी करून बघावं.

पुढची प्रकरणं शेतापासून पेल्यापर्यंत जातात. आधी सातू आणि हॉप, मग तळघरं, मग बाम्बेर्गच्या धुराच्या बिअर, मग उत्सव, शेवटी साठवण. वाचकांना एवढीच विनंती, की कुठलीही बाटली उचलाल तेव्हा मुदतीच्या तारखेबरोबर ती भरल्याची तारीख शोधा, आणि दुकानात ती कुठे उभी होती ते बघा. फ्रिजमधली असेल तर घ्या. खिडकीतली असेल तर ती का नको, ते दुकानदाराला सांगा. आणि ऑगस्टच्या शेवटी कधी म्युनिकला असाल, तर उत्तरेकडे हालर्टाऊतल्या वोल्नझाखला जा. तिथे हॉपचं संग्रहालय आहे, आणि त्या दिवसांत आजूबाजूच्या शेतांत तोडणी सुरू झालेली असते.